भाकर कोण देतो?

सहावी-सातवीच्या वर्गात अन्नघटकांचा धडा चालू असतो. फळ्यावर सूर्यप्रकाश, हरितद्रव्य, कर्बवायू, पाणी आणि शेवटी पिष्टमय पदार्थ अशी साखळी काढून झालेली असते. एवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न येतो : "बाई, आमच्या घरी जेवणाआधी प्रार्थना करतात. भाकर देव देतो म्हणतात. मग खरं काय?"

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हा प्रश्न मुळीच काल्पनिक नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केले. तेव्हापासून शाळा, वसतिगृहे, दवाखाने आणि चर्च यांचे जाळे या जिल्ह्यात पसरले. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या अन्नाची मागणी आहे. मराठी भाषांतरकारांनी तिथे 'भाकर' हा शब्द घातला. मूळ कथेतल्या लोकांची रोटी गव्हाची किंवा जवाची, आमच्याकडे ती ज्वारी-बाजरीची झाली. मुलाच्या प्रश्नातली भाकर ती हीच.

या प्रश्नाला तीन ठराविक उत्तरे मिळतात. पहिले, "तो विषय घरचा, इथे नको." दुसरे, "प्रार्थनेने काही उगवत नाही, खाली बस." तिसरे उत्तर सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत धोक्याचे : "विज्ञान आज जे सांगते ते धर्मग्रंथात आधीच सांगून ठेवले आहे." पहिल्या दोन उत्तरांत मुलाचा अपमान होतो. तिसऱ्यात विज्ञान आणि श्रद्धा दोघांचाही होतो. म्हणून आधी तिसऱ्याची तपासणी करू.

जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात कोणते प्राणी खावेत आणि कोणते खाऊ नयेत याची यादी आहे. डुक्कर वर्ज्य आहे. त्याचे 'शास्त्रीय कारण' हमखास सांगितले जाते की, डुकराच्या मांसातून ट्रायकिनेला नावाची कृमी माणसात येते. कृमी खरी आहे. पण ती माणसाच्या स्नायूत प्रथम दिसली १८३५ साली, लंडनमध्ये. तिच्यामुळे माणूस दगावू शकतो हे जर्मनीत झेंकर यांनी १८६० साली दाखवले. त्याच अध्यायात उंट आणि ससाही वर्ज्य आहेत, पर नसलेले जलचरही आहेत. त्यांना हे कारण लागू पडत नाही. शिवाय नव्या करारात, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात, पेत्राला दृष्टान्त होतो आणि खाण्यातला शुद्ध-अशुद्ध भेद गळून पडतो. बंदीचे कारण कृमी असेल, तर परवानगी मिळाली तेव्हा कृमी कुठे गेली होती? 'शास्त्रीय कारण' जोडणाऱ्याने पेत्राच्या दृष्टान्ताला आरोग्याच्या दृष्टीने चूक ठरवले, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. त्या दृष्टान्ताचा रोख मुळात माणसांवर आहे. ज्यांच्या घरी जाणे निषिद्ध, त्यांच्या घरी जा, असा त्याचा अर्थ पेत्र स्वतःच लावतो.

ही खोड एका धर्माची नाही. उपवासाच्या साबुदाण्यामागचे 'प्राचीन विज्ञान' सांगणारेही आपल्याला भेटतात. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे, आणि त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते.

अशा जोडकामात आणखी एक अडचण आहे. विज्ञान स्वतःला दुरुस्त करत असते. १९५० आणि १९६० च्या दशकांत जगभरच्या पोषणतज्ज्ञांचा भर प्रथिनांच्या तुटीवर होता. मुलांना प्रथिने कमी पडतात, ती बाहेरून पुरवा, असे सांगितले जात असे. आपले पां. वा. सुखात्मे आणि इतर काही शास्त्रज्ञ म्हणत होते की मूळ तूट एकूण अन्नाची, म्हणजे उष्मांकांची आहे. मूल पोटभर जेवले नाही तर खाल्लेली प्रथिनेही शरीर इंधन म्हणून जाळते. १९७४ साली डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये प्रथिनांच्या या मोहिमेचे वाभाडे काढले. १९६५ साली कोणी धर्मवचनाला प्रथिनांची ग्वाही जोडली असती, तर दहा वर्षांत ते वचनही अडचणीत आले असते.

मग प्रामाणिक मेळ कसा दिसतो? याच जिल्ह्याशी जोडलेली दोन पुस्तके आम्हास महत्त्वाची वाटतात. दोन्ही ख्रिस्ती श्रद्धेच्या माणसांनी लिहिली आहेत आणि दोन्हींत अन्न मध्यभागी आहे.

पहिले लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. हे पुस्तक मराठीच्या तासाला वाचले जाते. विज्ञानाच्या शिक्षकांनीही ते वाचावे. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घेण्याचा हट्ट, यांचे लक्ष्मीबाईंनी केलेले वर्णन आपल्याला हसवते. विज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर सोवळे हा वस्तुस्थितीविषयीचा दावा आहे. अमक्याच्या स्पर्शाने अन्नात काही तरी बदलते, असे तो म्हणतो. असा दावा तपासता येतो. धुण्याने माती जाते, काही जंतू जातात. चिरलेली भाजी धुतली तर 'क' जीवनसत्त्वही जाते. जात मात्र धुण्याने जात नाही, कारण ती त्या अन्नात नसतेच.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या तरी आधी आपले सोवळे सांभाळून होत्या. मग राहुरीच्या मुक्कामात त्यांनी स्वतःलाच प्रश्न घातला की, जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय त्यांनी केला. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली. म्हणजे धर्म बदलला म्हणून ताट बदलले, असे झाले नाही. त्यांनी प्रश्न विचारला, विचार केला आणि निष्कर्ष स्वतःच्या जेवणावर लागू केला. हा विचार श्रद्धेच्या भाषेत झाला. प्रयोगशाळा तिथे नव्हती. पण ज्या निष्कर्षाला त्या पोचल्या, त्याला विज्ञानाकडून बाध येत नाही. स्मृतिचित्रांतील हा भाग 'धर्मांतराची कहाणी' एवढ्याच अंगाने शिकवला जातो, हे आम्हास अपुरे वाटते.

एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनने अन्न दिले, अनाथ मुले सांभाळली. त्या काळात चर्चमध्ये येणाऱ्यांची संख्या वाढली आणि 'पोटासाठी धर्म' हा आरोप चिकटला. या आरोपात येणाऱ्यांचा, विशेषतः गावकुसाबाहेरच्या लोकांचा, अपमान आहे. ज्या गावाने त्यांना विहिरीचे पाणी दिले नाही, त्या गावाने त्यांच्या हेतूची चौकशी करावी, हे विचित्रच. पण देणाऱ्यांनाही एक प्रश्न सुटत नाही. भुकेल्याला अन्न देणारा हात आणि त्याला उपदेश करणारे तोंड एकाच माणसाचे असेल, तर घेणारा खरोखर मोकळेपणी 'नाही' म्हणू शकतो का?

या प्रश्नाचे एक उत्तर दुसऱ्या पुस्तकात सापडते. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांचे 'जामखेड : अ कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट' हे इंग्रजी पुस्तक १९९४ साली निघाले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या या जोडप्याने नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. बरे होऊन घरी गेलेला रोगी त्याच आजाराने परत येतो, हे तिथे त्यांनी पाहिले. १९७० साली त्यांनी जामखेडला काम सुरू केले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपण या कामाकडे का वळलो हे सांगताना लेखक आपली श्रद्धा लपवत नाहीत. पण मूल का वाळले, हे सांगताना ते श्रद्धेचा आधार घेत नाहीत. तिथे वजनकाटा असतो, पाण्याची विहीर असते, आईची मजुरी असते. गरोदरपणी कमी खावे म्हणजे बाळंतपण सोपे जाते, चिकाचे दूध पिळून टाकावे, जुलाबात मुलाचे अन्नपाणी तोडावे, अशा रूढ समजुतींशी गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या झगडल्या. त्यांतल्या अनेकींना लिहितावाचता येत नव्हते. तरीही जुलाबात साखर-मिठाचे पाणी का द्यायचे हे त्या समजून घेऊ आणि समजावू शकत होत्या. आतड्यात साखर शोषली जाताना सोडियमला बरोबर घेऊन जाते आणि त्यामागे पाणी जाते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, बस्स. हे पाणी बायबल मानणाऱ्या घरात आणि देवीला नारळ फोडणाऱ्या घरात सारखेच काम करते.

पुस्तकाची एक बाजू मात्र कमकुवत आहे. १९७१ साली दर हजारी १७६ असलेले बालमृत्यूचे प्रमाण १९९० च्या दशकात तिसाच्या खाली आले, असे प्रकल्पाचे आकडे सांगतात. पण ते आकडे प्रकल्पाचे स्वतःचे आहेत, आणि त्याच काळात सगळ्या महाराष्ट्रातही बालमृत्यू घटत होते. तुलनेसाठी दुसरी गावे घेतल्याशिवाय श्रेय कोणाचे हे ठरत नाही. अशी तुलना पुढे झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जन्मानंतरचा पहिला महिना वगळता, पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत शेजारच्या गावांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. १७६ वरून तिसाखाली, या आकड्याइतके हे दिपवणारे नाही. पण अधिक विश्वासार्ह आहे.

तुलनेचा हा धडा वर्गात घेण्यासाठी बायबलमध्येच एक उत्तम गोष्ट आहे. दानिएलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात चार तरुण राजाच्या ताटातले अन्न नाकारतात. दहा दिवस आम्हाला शाकाहार आणि पाणी द्या, मग राजान्न खाणाऱ्यांशी आमचे चेहरे ताडून पाहा, असे दानिएल कारभाऱ्याला सांगतो. ही गोष्ट मुलांना सांगावी आणि विचारावे, की हा प्रयोग चांगला का, आणि कच्चा कुठे? मुले पटापट सांगतील. मुदत ठरलेली आहे आणि तुलना आहे, हे चांगले. पण माणसे फक्त चार, कोणी काय खायचे ते त्यांनीच निवडलेले, आणि निकाल नुसत्या चेहऱ्यावरून. मग १७४७ सालचा जेम्स लिंड यांचा प्रयोग सांगावा. त्यांनी स्कर्व्ही झालेले बारा खलाशी घेतले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या, एरवीचे जेवण सर्वांना सारखे ठेवले आणि उपाय मात्र वेगवेगळे दिले. संत्री-लिंबे मिळालेली जोडी आठवड्याच्या आत सुधारली. दानिएलाच्या गोष्टीचा हेतू आहारशास्त्र शिकवणे हा नाही, हेही त्याच वेळी सांगावे. ती परक्या राजाच्या दरबारात आपला धर्म सांभाळणाऱ्या तरुणांची गोष्ट आहे. ती तशी वाचली तर तिचे काहीच कमी होत नाही.

आता मागच्या बाकावरच्या मुलाकडे परत येऊ. बाईंनी त्याला खाली बसवू नये. त्याला विचारावे : तुझ्या घरची प्रार्थना कोणासाठी भाकर मागते? 'मला' की 'आम्हाला'? ती 'आम्हाला' मागते, हे तो सांगेल. मग पुढचे प्रश्न सगळ्या वर्गाचे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीतून भरून निघते, तर 'आम्हा' सर्वांच्या भाकरीबरोबर डाळ असते का? नसेल तर कोणाकडे नसते, आणि का? डबा खायच्या सुट्टीत कोण कोणाजवळ बसते? यांतले काही प्रश्न तराजूने सुटतील, काही सुटणार नाहीत. कोणता प्रश्न कोणत्या जातीचा हे मुलांनाच वेगळे करू द्यावे. निदान एक तास तरी त्यासाठी द्यायला हरकत नसावी.