गोठा, तबेला, वाडा : गुरांच्या निवाऱ्याचे शब्द आणि आपले कोश

वेल्समधील ग्रामीण घरांवर योरवर्थ पीट यांनी १९४० साली लिहिलेल्या ग्रंथात माणसे व गुरे एकाच छपराखाली नांदत अशा लांब घराची चर्चा आहे. तेथील दगडी वास्तू दीर्घकाळ टिकल्यामुळे त्यांचा इतिहास प्रत्यक्ष मोजून मांडता येतो. आपल्याकडे जांभ्याचे किंवा काळ्या दगडाचे गोठे नाहीत असे नव्हे. परंतु पुष्कळसे गोठे कुडाचे, मातीचे व गवती छपराचे असल्याने ते टिकले नाहीत. त्यांचा इतिहास मुख्यतः शब्दांत शोधावा लागतो. या कामी आपले कोश कितपत उपयोगी पडतात, याचा येथे विचार करावयाचा आहे.

वेल्श भाषेत गोठ्यास ‘बेइडी’ म्हणतात. त्यातील पूर्वपद आपल्या ‘गो’ शब्दाचे सगोत्र असून उत्तरपद ‘टी’ म्हणजे घर. मुळात त्याचा संबंध आच्छादनाशी, म्हणजे छपराशी आहे. ‘गोठा’ शब्दाचे मूळ ‘गोष्ठ’. त्याचे उत्तरपद ‘स्था’ धातूपासून आलेले. ष्ठ, ट्ठ, ठ हा ध्वनिक्रम सरळ आहे. पूर्वपद एकाच कुळातले, पण एका भाषेने छपराला नाव दिले, दुसरीने गाय उभी राहते त्या जागेला. ‘गोठण’ हा शब्द तर गुरे विसाव्याला थांबतात त्या उघड्या जागेचाच वाचक आहे. तेथे भिंतीची अपेक्षाच नाही.

दुसरा गट दोराचा. ‘दामन्’पासून ‘दावे’ व ‘दावण’ हे शब्द आले. स्वरमध्यस्थ मकाराचा वकार ‘ग्राम’–‘गाव’, ‘नाम’–‘नाव’ यांतही आढळतो. ‘दावण’ म्हणजे गुरे ओळीने बांधण्याचा दोर आणि ती बांधण्याची जागाही. अरबी-फारसीतून आलेल्या ‘तबेला’ शब्दाचा इतिहास नेमका असाच आहे. ‘तवीला’ म्हणजे जनावरे बांधण्याचा लांब दोर. त्यावरून पुढे अश्वशाळा. मुंबईच्या मराठीत तो म्हशींच्या निवाऱ्याला लागला. भिन्न कुळांतील दोन भाषांनी दोरावरून जागेला नाव द्यावे, हा अर्थविकास लक्षणीय आहे.

तिसरा गट कुंपणाचा. ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, त्यापासून ‘वाडा’. मेंढवाडा, कोंडवाडा आणि १७३२ साली पुण्यात उभा राहिलेला शनिवारवाडा यांचे उत्तरपद एकच आहे.

आता कोशांकडे वळू. मोल्सवर्थ यांच्या कोशाची १८५७ची आवृत्ती अर्थच्छटांसाठी आजही अपरिहार्य आहे. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२–३८) प्रांतिक शब्दांना स्थान दिले. कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६चा, तर टर्नर यांचा तौलनिक कोश १९६६ साली पूर्ण झाला. या सर्वांचे ऋण मान्य करूनही एक उणीव सांगितली पाहिजे. वर्णानुक्रमामुळे ‘दावण’ व ‘तबेला’ परस्परांपासून दूर पडतात आणि वर दाखविलेले साम्य वाचकाच्या नजरेस येत नाही. व्युत्पत्तिकोश मूळ शब्द देऊन थांबतात. खुंटा कोठे, गव्हाण कोणत्या बाजूस, दावे कशाला अडकते, हे ते सांगत नाहीत. १९०९ साली निघालेल्या ‘शब्द आणि वस्तू’ या अर्थाच्या जर्मन नियतकालिकाभोवती जमलेल्या मेरिंगर प्रभृतींचा आग्रह हाच होता, की वस्तूचे ज्ञान नसेल तर शब्दाचा इतिहास अपुरा राहतो.

या उणिवेचा परिणाम आज दिसतो. विक्रोळीहून पवईमार्गे पश्चिमेस गेले म्हणजे आरे दुग्ध वसाहत लागते. मुंबई शहरातील म्हशी हलविण्यासाठी १९४९ साली ती स्थापन झाली. तेथील तबेल्यांचे गट ‘युनिट’ म्हणून क्रमांकाने ओळखले जातात. क्रमांक व्यवस्थापनास सोयीचा खरा. पण गुरे पाळणाऱ्यांचे शब्द त्यात उतरत नाहीत. दगडी वास्तू ओस पडली तरी भिंती राहतात; दावण सुटली की मागे शब्दच उरतो, आणि वापरणारी पिढी गेली की तोही जातो.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी बोलींचे सर्वेक्षण करताना केवळ शब्दयादी आणू नये. प्रत्येक गोठ्याचा आराखडा काढावा, त्यावर प्रत्येक भागाचे स्थानिक नाव लिहावे आणि ते नाव कोणाच्या तोंडी आहे, हे नोंदवावे. अशा नोंदींवर आधारलेला विषयवार कोशच या शब्दांना न्याय देऊ शकेल.