सौजन्याचे शब्द आणि सौजन्याचे व्याकरण

'प्लीज', 'थँक यू' आणि 'सॉरी' या तीन इंग्रजी शब्दांना मराठीत खरेखुरे प्रतिशब्द नाहीत, ही गोष्ट आता बहुतेकांना मान्य आहे. तिच्यावरून काढले जाणारे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत. मराठी माणूस मुळातच रांगडा, त्याला सौजन्याचे वळण नाही, असे एक मत. मराठीत सौजन्य इतके मुरलेले आहे की त्यासाठी वेगळ्या शब्दाची गरजच पडली नाही, असे दुसरे. पहिले मत न्यूनगंडातून येते, दुसरे अभिमानातून. आणि हे सौजन्य कोणाला मिळत होते, हा प्रश्न दोन्ही मते विचारत नाहीत. प्रस्तुत लेखात तो विचारायचा आहे. त्यासाठी शेवटी नाट्यानुवादाकडे वळावे लागेल, कारण इंग्रजी नाटके मराठीत आणणाऱ्यांना हा प्रश्न टाळण्याची सोय नव्हती. प्रत्येक वाक्यागणिक तो त्यांच्यासमोर उभा राहत होता.

कोशांनी सुचवलेले प्रतिशब्द आधी तपासू. 'कृपया' हे 'कृपा' या संस्कृत नामाचे तृतीयेचे रूप. 'कृपेने' एवढाच त्याचा अर्थ. ते मराठी वाक्यात उतरले ते सूचनाफलक, कार्यालयीन पत्र आणि स्थानकावरील ध्वनिक्षेपक यांच्यामार्फत. 'कृपया येथे थुंकू नये' हे आपण वाचतो. पण स्वयंपाकघरात 'कृपया मीठ द्या' असे कोणी म्हणाले, तर तो विनोद ठरतो. 'आभार' या शब्दात 'भार' उघडच दिसतो, आणि सभेच्या शेवटी खुर्च्या वाजू लागल्यावर होणाऱ्या आभारप्रदर्शनात तो सर्वांनाच जाणवतो. घरच्या माणसाचे आभार मानणे म्हणजे त्याला परके करणे, अशी समजूत आजही पक्की आहे. 'क्षमस्व'ची कथा तर मौजेची आहे. हे संस्कृत आज्ञार्थाचे द्वितीय पुरुषी एकवचन आहे. रस्ता खणून ठेवल्यावर पालिका नागरिकांना 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' म्हणते, तेव्हा व्याकरणदृष्ट्या ती सर्वांना एकेरीत संबोधत असते. स्तोत्रात देवाला उद्देशून शोभणारे हे रूप फलकावर आले आणि ते एकेरी आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. तो शब्द मराठी बोलण्यात किती परका राहिला, याचा याहून चांगला पुरावा शोधण्याचे कारण नाही.

बोलीत हे काम निराळ्या साधनांनी होते. 'दे', 'दे ना', 'द्या', 'द्या की', 'देता का', 'द्याल का', 'द्यावे' ही चढण प्रत्येक मराठी भाषकाला उपजत ठाऊक असते. 'जरा' आणि 'तेवढं' ही दोन साधी पदे विनंतीचा बहुतेक भार उचलतात. 'जरा सरकता का', 'तेवढी पिशवी द्या' या वाक्यांत 'प्लीज'चे सगळे कार्य उरकलेले असते. मागितलेली गोष्ट लहान करून दाखवणे ही त्यामागची युक्ती. कृतज्ञता 'बरं झालं तुम्ही आलात' अशा विधानातून व्यक्त होते. क्षमायाचना 'चुकलं माझं' या कबुलीतून होते, किंवा चुकून पाय लागल्यावर त्या माणसाला हात लावून तो कपाळाकडे नेण्याच्या निःशब्द कृतीतून. निरोप घेताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायचे, हेही त्यातच आले.

या सर्व साधनांच्या आधी एक निवड करावी लागते: 'तू', 'तुम्ही' की 'आपण'? त्याहून दूर उभे राहायचे असेल तर 'साहेबांनी बसावं' असा तृतीय पुरुषाचा वळसा. ही निवड केल्याशिवाय क्रियापदाला रूपच मिळत नाही. पेनिलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी सौजन्याची उपपत्ती मांडताना त्याकडे वक्त्याने योजलेला डावपेच म्हणून पाहिले. सचिको इदे यांनी १९८९ साली जपानीच्या आधारे घेतलेला आक्षेप मराठीलाही लागू पडतो: जिथे आदराचे रूप व्याकरणच सक्तीचे करते, तिथे वक्ता निवडतो कमी आणि स्थान ओळखतो अधिक. 'प्लीज' गाळून इंग्रजी वाक्य पूर्ण होते. 'तू की तुम्ही' हे गाळून मराठी वाक्य सुरूच होत नाही.

ते सुरू होण्यासाठी समोरचा कोण आहे, हे आधी कळावे लागते. वय, नाते, हुद्दा, पोशाख आणि दीर्घकाळ या सर्वांच्या वर जात. अभिवादनाच्या शब्दांचा इतिहास याची साक्ष देतो. पेशवे दरबाराच्या आग्रहावरून ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने १७७९ साली सोनारांना 'नमस्कार' हा शब्द वापरण्यास मनाई केली होती. सौजन्याचा एक शब्द ही एका जातीची मालमत्ता मानली गेली आणि तिच्या रक्षणासाठी परक्या सत्तेचा हुकूम निघाला. 'जोहार' हा दुसऱ्या टोकाचा शब्द. तो महारांनी वरच्यांना करायचा. वरच्यांनी तो परत करायचा नसतो. पुढे 'जय भीम' आला, आणि त्याच्या आशयाइतकीच त्याची समतोल रचना मला महत्त्वाची वाटते. दोन्ही बाजूंनी तोच शब्द उच्चारला जातो.

सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावरचा १९०१ सालचा प्रसंग डॉ. आंबेडकरांनी आपल्या इंग्रजी आत्मकथनपर लेखनात नोंदवला आहे. वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघालेली, नीटनेटक्या कपड्यांतली मुले गाडीतून उतरतात. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो, आणि आपण महार आहोत असे मुलाच्या तोंडून निघताच त्याचा चेहरा बदलतो. कथन इंग्रजीत असल्यामुळे त्याच्या संबोधनाचे काय झाले, हे वाचकाला दिसत नाही. मुले लहान होती, तेव्हा एकेरी दोन्ही वेळी असणारच. पण 'अरे बाळांनो' आणि 'ए पोरांनो' ही दोन्ही संबोधने एकेरीच आहेत, आणि त्यांच्यात मसूरच्या फलाटाएवढे अंतर आहे. मराठी अनुवादकाला ते अंतर दाखवावे लागेल. इंग्रजीने ते झाकले असे म्हणावे की इंग्रजीने लेखकाला त्या संबोधनांच्या पुनरुच्चारातून सोडवले असे म्हणावे, याचा निर्णय मला करता येत नाही.

एवढे मात्र म्हणता येते की 'थँक यू' आणि 'सॉरी' या शब्दांवर 'इंग्रजाळलेपणा'चा शिक्का मारणाऱ्या शुद्धिवाद्यांनी त्यांची एक उपयुक्तता पाहिलेली नाही. हे शब्द जात विचारत नाहीत. बसमध्ये धक्का लागलेल्या अनोळखी माणसाला 'सॉरी' म्हणताना क्रियापद लागत नाही, सर्वनाम लागत नाही, म्हणून तो कोण हे ठरवण्याची गरज पडत नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या एकेरीच मिळत आली, त्यांच्या वाट्याला भेदाविना आलेले हे पहिले शब्द असावेत. अर्थात या शब्दांना फार मोठे करण्याचेही कारण नाही. महाविद्यालयातला तरुण अधिव्याख्याता वडिलांच्या वयाच्या शिपायाला 'ए, पाणी आण, प्लीज' म्हणतो. तिथे 'प्लीज' आले. 'ए' आणि 'आण' जागच्या जागी राहिले. उसना शब्द व्याकरणाला बाहेरून चिकटतो, त्याला आतून हलवत नाही.

सांगली-साताऱ्याकडे या पेचातून काढलेली एक देशी वाट आहे: नात्याचे नाव. क्रांतिसिंह नाना पाटील, वसंतदादा, राजारामबापू, नागनाथअण्णा ही सार्वजनिक जीवनातली नावे पाहा. नाते जवळचे, क्रियापद अनेकवचनी. आपुलकी आणि आदर यांची अशी सांगड इंग्रजीत बसत नाही. कार्यालयातल्या सफाई कामगार बाईंना 'मावशी' म्हणण्यात तोच धागा आहे, पण तिथे मनात एक शंका येते. 'मावशी' म्हटले की त्यांचे नाव विचारावे लागत नाही.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली सर्वनामांच्या वापरामागे सत्ता आणि सख्य अशी दोन तत्त्वे सांगितली आणि आधुनिक युरोपात सख्याची सरशी होत असल्याचे दाखवले. याचे सर्वांत ठळक उदाहरण पुढे स्वीडिशने घातले. त्या भाषेतही 'प्लीज'ला नेमका एकच प्रतिशब्द नाही. 'टाक' हा आभाराचा शब्दच मागताना जोडतात, किंवा 'तू चांगला असशील तर' अशा अर्थाचा शब्दप्रयोग करतात. तिथे आदरार्थी 'नी' हे सर्वनाम होते, पण ते वरून खाली वापरले जाई म्हणून बोचत असे. परिणामी लोक एकमेकांना हुद्द्याने, तृतीय पुरुषात संबोधत; आपल्या 'साहेबांनी बसावं'सारखेच. १९६७ साली तेथील वैद्यक खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी आपण सर्व कर्मचाऱ्यांना 'दू' म्हणणार असे जाहीर केले आणि आधीच सुरू झालेल्या या बदलाला त्यांचे नाव चिकटले. हा 'दू' आपल्या 'तू'चा सख्खा भाऊबंद. सतराव्या शतकातील इंग्रज क्वेकरांनीही न्यायाधीशापासून नोकरापर्यंत सर्वांना एकेरी सर्वनाम लावून याच मार्गाने समता मागितली होती आणि त्यापायी शिक्षा भोगल्या होत्या. इंग्रजी समाज मात्र उलट दिशेने गेला. त्याने 'दाऊ' सोडले आणि सर्वांना 'यू' दिले. सर्वनामात भेद उरला नाही. माझ्या मते इंग्रजीत सौजन्याचा भार सुट्या शब्दांवर इतका पडण्याचे ते एक कारण असावे.

मराठीत समतेची दिशा कोणती? आपल्याकडे 'तू' हे भक्तीचे, आईचे, मैत्रीचे सर्वनाम आहे. विठ्ठलाला 'तुम्ही' म्हणणारा वारकरी कल्पनेतही येत नाही. असे असूनही 'सर्वांनी सर्वांना तू म्हणावे' ही मागणी कोणत्याही मराठी सुधारणा-चळवळीच्या केंद्रस्थानी आली नाही. ज्याला 'तू' अपमान म्हणून मिळाला, त्याला तो समतेचे दान म्हणून पुन्हा कसा देणार? इथली मागणी 'अहो'ची आहे, आणि ती रास्त आहे.

आता नाटकाकडे वळू. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर १८८३ साली 'विकारविलसित'मध्ये 'हॅम्लेट' मराठीत आणतात. सांगलीजवळच्या हरिपूरचे देवल १८९० साली 'झुंझारराव'मध्ये 'ऑथेल्लो' आणतात. शेक्सपिअरच्या इंग्रजीत 'यू' आणि 'दाऊ' दोन्ही जिवंत होती आणि तो त्यांचा वापर क्षणाक्षणाच्या भावस्थितीसाठी करतो. राणीच्या दालनातील प्रवेशात आई मुलाला जवळिकीच्या एकेरीत बोल लावते, मुलगा तोच आरोप 'यू'च्या थंड अंतराने तिच्यावर उलटवतो, आणि लगेच आईही 'यू'वर जाते. तीन-चार ओळींत नाते तुटताना ऐकू येते. मराठी अनुवादकाकडे सर्वनामे इंग्रजीपेक्षा अधिक आहेत, पण त्यांच्या जागा आधीच लागलेल्या आहेत. मराठी घरात आई ही 'तू'च. राजघराण्याचा आब राखून 'आईसाहेब, तुम्ही' म्हणावे, तर ते रीतीचेच होईल आणि त्यातला दुरावा प्रेक्षकाला जाणवणार नाही. 'तू' म्हणावे, तर दुरावा मुळातच गेला. 'ऑथेल्लो'त हा पेच आणखी आवळतो. ऑथेल्लो पत्नीला कधी 'यू' म्हणतो, कधी 'दाऊ'. देवलांच्या काळातील प्रतिष्ठित घरातला नवरा बायकोला प्रेमातही 'तू' म्हणतो आणि संशयातही. सर्वनामातून त्याला तिच्या खाली किंवा वर सरकायला जागाच नाही. बायकोची अवस्था याहून बिकट. 'अहो', 'इकडून येणं झालं', अशा नाव आणि सर्वनाम दोन्ही टाळणाऱ्या रूपांत ती बांधलेली असते. बरोबरीच्या पुरुषांचे भांडण 'एकेरीवर येते' तेव्हा मराठीतही सर्वनामाचे नाट्य घडते. नवरा-बायकोच्या भांडणात ती सोय एका बाजूला कायमची मिळालेली आहे आणि दुसऱ्या बाजूला कायमची नाकारलेली आहे. मराठी व्याकरणाची आदरसमृद्धी अभिमानाने मोजणाऱ्यांनी तिचा हा ताठरपणाही मोजला पाहिजे.

शेवटचे उदाहरण इब्सेनच्या १८७९ सालच्या 'अ डॉल्स हाऊस'चे, जे अनंत काणेकरांनी 'घरकुल' या नावाने मराठीत आणले. मूळ नॉर्वेजियनमध्ये हेल्मर क्रोग्स्टाडला बँकेतून काढू पाहतो, याचे त्याने स्वतः नोराला सांगितलेले एक कारण असे की, हा तरुणपणचा मित्र चारचौघांत त्याच्याशी 'दू'च्या सलगीने बोलतो. इंग्रजीत हे सांगण्यासारखे सर्वनामच उरलेले नव्हते, म्हणून अनुवादकांना पहिल्या नावाने हाक मारण्याचा वळसा घ्यावा लागला. मराठीत इब्सेन प्रामुख्याने इंग्रजीच्या वाटेने पोहोचला. साहेबाला कचेरीत 'अरे' म्हणणाऱ्या कारकुनाची नोकरी का जाते, हे कोणत्याही मराठी प्रेक्षकाला टीपेशिवाय कळले असते. इंग्रजीने गमावलेली गोष्ट मराठीला सहज परत मिळवता येण्याजोगी आहे. नोराच्या बाबतीत नेमके उलटे घडते. मुळात नवरा-बायको एकमेकांना 'दू'च म्हणतात. विषमता त्यांच्या लाडिक संबोधनांत आहे, पैशांत आहे, कायद्यात आहे. सर्वनामात ती नाही. मराठी नोराने पहिल्याच प्रवेशात 'अहो' म्हटले की इब्सेनने व्याकरणात न घातलेली विषमता आपण घालतो. तिला पहिल्यापासून 'अरे' म्हणू दिले, तर ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शहरी प्रेमविवाहातली स्त्री होते आणि मग तिचे घर सोडणे तितके अवघड राहत नाही. तिसरी शक्यता मला नाट्यदृष्ट्या सर्वांत कसदार वाटते: तिने तिसऱ्या अंकात मेजाशी बसून 'आपल्याला बोललं पाहिजे' असे म्हणेपर्यंत 'अहो' राखावे, आणि तिथून पुढे नवऱ्याला एकदाही कोणत्याच सर्वनामाने संबोधू नये. मराठी क्रियापद ही कसरत किती वेळ चालू देईल, ते तालमीतच कळेल.