आम्ही महायुद्ध लढतो

माझा आणि लष्कराचा संबंध एरवी पेन्शनच्या दिवशी काउंटरवर येतो तेवढाच. त्यामुळे भाच्याने अडगळीतले पीएसपी हातात ठेवून, ‘‘मामा, लढा जरा!’’ म्हटले, तेव्हा मी आधी चष्मा पुसला. खेळ होता २००६ सालचा ‘मेडल ऑफ ऑनर : हीरोज’. अख्खे दुसरे महायुद्ध ४.३ इंची पडद्यावर! आमचे पासबुक याहून मोठे असते.

डाव्या अंगठ्याने चालायचे आणि उजव्या अंगठ्याने चार बटणे दाबत मान फिरवायची, अशी यातली कवायत. बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात याची तरतूद नव्हती. शत्रू समोर आला तेव्हा मी आकाश न्याहाळत होतो. मग बराच वेळ एका भिंतीवर गोळ्या झाडल्या. भिंत काही शरण आली नाही.

तरी खेळ वाईट नाही हो! मोहिमा आटोपशीर आहेत, लोकलच्या प्रवासाला बेताच्या. स्टेशन आले की कळ सरकवायची. महायुद्ध जागच्या जागी झोपी जाते. आमच्या मॅनेजरसाहेबांना अशी कळ असती तर!

माझी हरकत आहे ती हिशेबाची. मोहिमा इटली, हॉलंड, बेल्जियममधल्या आणि तिन्ही नायक अमेरिकन. आता इटलीत भारतीय सैन्याच्या तीन डिव्हिजन लढल्या, हे खाते गेले कुठे? खेळाच्या नावातच पदक आहे म्हणून सांगतो. आपल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, वय वर्षे बावीस. १० जुलै १९४४ ला इटलीत त्यांच्या तुकडीतले बाकी सारे पडले. हा गडी एकटाच मशिनगनवर धावून गेला. बॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली; पण मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. मग नळी धरून बंदुकीच्या दस्त्यानेच उरलेल्या दोघांना लोळवले आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी स्वतः पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर.

आमच्या खेळात मॅगझिन बदलायला एक बटण पुरते. मेलो तरी पुन्हा उभे राहता येते. मी एका प्रवासात नऊदा राहिलो.

दहाव्यांदा मात्र अंगठा उचलेना. मी कळ सरकवली. दादर यायला अजून बराच अवकाश होता.