आज्ञापत्रांतील दारूखाना : एक परीक्षण

रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र (इ. स. १७१५ च्या सुमारास) राजनीतीचा ग्रंथ म्हणून सर्वमान्य आहे. परंतु त्याच्या दुर्गप्रकरणांतील दारूखान्याच्या नियमांकडे शस्त्रविद्येच्या दृष्टीनें जितकें पाहावयास हवें तितकें पाहिलें जात नाहीं, असें आम्हांस वाटतें. हे नियम म्हणजे सामान्य सावधगिरीचा उपदेश नव्हे. बार कां फसतो ह्याचें तें निदान आहे, असें आमचें मत आहे.

नियम थोडक्यांत असे : दारूखाना घरांजवळ किंवा घरांच्या वाऱ्याखालीं नसावा, भोंवतीं निर्गुडीसारख्या झाडांचें दाट कुंपण असावें, तळघरांत गच्च करून त्यावर माच घालावा व माचावर दारूचीं मडकीं ठेवावीं, आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें दारू व बाण बाहेर काढून ऊन द्यावें आणि पुन्हां मुद्रा करावी. पावसाळ्यांत तोफांच्या कानांत मेण भरावें.

प्रत्येक कलमामागें एक दोष उभा आहे. अशुद्ध सोऱ्यांतील क्षार हवेंतील ओल ओढून घेतात. म्हणून गच्च, माच आणि ऊन. तोफेचा कान ओलीनें वा गंजानें बुजला तर रंजक पेटते, पण आग आंतल्या दारूस पोंचत नाहीं, म्हणून मेण. तेव्हां ‘पावसानें दारू भिजली’ असें एखाद्या बखरींत आढळल्यास दोष मेघाचा कीं कोठीचा, हें विचारलेंच पाहिजे. २३ जून १७५७ रोजीं पलाशीस एकच पाऊस दोन्ही सैन्यांवर पडला. कंपनीनें आपली दारू झांकून राखली, नबाबाची भिजली.

आतां उणिवा. सह्याद्रीवर आषाढ-श्रावणांत पंधरवड्यास ऊन मिळणें दुर्घट. नियमाची गरज जेव्हां सर्वांत अधिक, तेव्हांच तो पाळतां येत नाहीं, आणि त्यास पर्याय सांगितलेला नाहीं. दुसरें, चिंब भिजलेल्या दारूंतील सोरा विरघळून वेगळा पडतो. ती नुसती वाळवून पूर्ववत् होत नाहीं. घटक पुन्हां एकजीव करावे लागतात. ऊन हा प्रतिबंध आहे, उपचार नव्हे. तिसरी उणीव सर्वांत मोठी. फसलेल्या बाराची आग कधीं कधीं आंत धुमसत असते. अशा वेळीं न थांबतां तोफेच्या तोंडाशीं जाणारा, किंवा उडालेल्या बारानंतर नळी ओल्या बोळ्यानें न पुसतां नवी दारू ठासणारा गोलंदाज प्राणास मुकतो. ह्या क्षणाविषयीं हें प्रकरण मूक आहे.

ग्रंथ कोठी सांभाळणाऱ्या हवालदारासाठीं आहे, गोलंदाजासाठीं नव्हे, हें मान्य. म्हणूनच त्यावरून मराठ्यांच्या तोफखान्याच्या एकंदर शिस्तीविषयीं अनुमान काढणें धाडसाचें होईल. नियम लिहिला गेला म्हणजे तो पाळला गेला, असेंही नव्हे.

विषय केवळ कोठीचा नाहीं. मार्च १८१८ मध्यें कर्नल प्रॉथरच्या माऱ्यांत कोरीगडावरील दारूसाठा उडाला आणि गड पडला. एका दारूखान्यावर सबंध गड अवलंबून असे. तरी गडांवरील दारूकोठारांची जमीन, तळघर, वस्तीपासूनचें अंतर व वाऱ्याची दिशा ह्यांचीं मोजमापें अभ्यासकांनीं घेऊन प्रसिद्ध करावीं. अमात्यांच्या शब्दाची खरी परीक्षा त्या दगडांवरच होईल.