पटवलं का?

माझा नागपूरचा रूममेट एकदा गणपतीला आमच्याकडे वीरला आला होता. ओटीवर बसून फोनवर कुणाला तरी म्हणाला, "हो हो, कालच पटवलं." आत भाकऱ्या थापणाऱ्या काकीचे हात थांबले. विषय पुण्यातल्या फ्लॅटच्या लाइटबिलाचा होता. विदर्भात बिल पटवतात, हप्ता पटवतात, म्हणजे चुकतं करतात. आमच्याकडे एक तर एखादी गोष्ट पटवून देतात, नाही तर पोरगी पटवतात.

हा किस्सा सांगून मी ऑफिसात बरेचदा हशा घेतलाय. पण फोनवर माझी चुलतबहीण असती, तर काकी बिल कुठलं हे विचारायला थांबली असती का?

'टाइमपास' (2014) परवा पुन्हा पाहिला. दगडू प्राजक्ताला पटवायला निघतो. शाळेत असताना मला त्याची मुंबईची बोली फार आवडली होती, अजूनही आवडते. आता खटकतं ते व्याकरण. 'मला पटलं' म्हणताना निर्णय माझा असतो. 'ती पटली' म्हटलं की तिला काय पटलं हा प्रश्नच उरत नाही, तीच एक निकाली निघालेली बाब होते. विदर्भातल्या बिलासारखी. सिनेमा प्राजक्ताला बोलायला जागा देतो हे खरं, पण तोवर आम्ही पोरं दगडूचं क्रियापद उचलून बाहेर पडलेलो होतो.

'लाइन'चंही तसंच. 1993 साली कोकण रेल्वेची गाडी रोह्याहून वीरपर्यंत आली. आमच्या म्हाताऱ्यांना लाइन म्हणजे ती. घाटावरच्या शेतकऱ्याची लाइन रात्री येते, म्हणजे पंपाची वीज. आणि कॉलेजात पोरगा लाइन मारतो, पोरगी लाइन देते. तिने नुसतं पाहिलं तरी 'देते'.

'सैराट' (2016) मला इथेच मोठा वाटतो. करमाळ्याकडची अर्ची भर वर्गात वळून परश्याकडे बघते, आणि बघत राहते. त्या बघण्याला 'लाइन देते' म्हणून पाहा, शब्द तोकडा पडतो. गाण्यांवर, शेवटावर भरपूर लिहून झालं. या नजरेवर कमी लिहिलं गेलं असं मला वाटतं.

मी तो इंजिनिअरिंगला असताना पाहिला आणि मला महाडचा एसटी स्टँड आठवला. अकरावीत होतो. एक मुलगी रोज आमच्या घोळक्याकडे बघायची. "लाइन देते," मी म्हणालो. माझाच शब्द. दोन दिवसांत तो तिच्या घरी पोचला. ती आमच्यामागे लागणाऱ्या गाडीची पाटी वाचायची, हे मला फार नंतर कळलं. पुढच्या आठवड्यापासून ती आधीच्या गाडीने जायला लागली, आणि बारावीला दिसलीच नाही.