अंड्याची पश्चिम बाजू कोणती?

वेल्ह्याकडच्या एका शाळेला नवी इमारत बांधायची आहे. जुन्या वर्गांच्या भिंती पावसाळाभर ओल धरतात, कौले दर वर्षी चाळावी लागतात. गरज खरी आहे आणि गावाने वर्गणीही जमवली आहे. शाळा समितीच्या बैठकीत एका तरुण सदस्याने एक छायाचित्र पुढे ठेवले. ते हिंजवडीत इन्फोसिसच्या आवारात असलेल्या अंड्याच्या आकाराच्या इमारतीचे होते. "अंडे नको, पण दर्शनी भिंत तरी अशी निळ्या काचेची करू," असे त्याचे म्हणणे. शाळेची दर्शनी भिंत रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेला येते. मुख्याध्यापकांनी आमचे मत विचारले. मत देण्यापूर्वी त्या इमारतीकडे नीट पाहावे असे आम्हाला वाटले.

हाफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी आराखडा केलेल्या या इमारती चालू शतकाच्या पहिल्या दशकात उभ्या राहिल्या. आम्ही तेव्हा संशोधन करणारे विद्यार्थी होतो. त्या बाजूला गेलो की काम कुठवर आले हे थांबून पाहत असू. इमारतीचा सांगाडा सगळीकडे सारखाच कंटाळवाणा दिसतो. त्यावर कवच चढू लागले की लोकांच्या माना वळतात. विज्ञानाच्या शिक्षकाने तर ही संधी सोडूच नये. पूर्ण झालेल्या इमारतीत जे कायमचे झाकले जाते, ते या काही महिन्यांत उघडे असते.

अशी कोणतीही इमारत पाहताना पहिला प्रश्न विचारावा: भार कोण पेलते? काचेचे तावदान मजल्यांचा भार पेलत नाही. ते सांगाड्याला पडद्यासारखे टांगलेले असते. स्वतःचे वजन आणि वाऱ्याचा रेटा एवढेच सांगाड्यापर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम. ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. भोरचा पंतसचिवांचा राजवाडा पाहा. एकोणिसाव्या शतकातील या वाड्याच्या चौकात उभे राहिले की मजल्यांचा बराचसा भार लाकडी खांबांवर आणि तुळयांवर आहे हे दिसते. फरक एवढाच की वाड्याची जाड भिंत भार पेलो वा न पेलो, ऊन अडवते. काचेच्या पडद्याकडून तेवढीही अपेक्षा ठेवता येत नाही.

दुसरा प्रश्न भूमितीचा आहे. सपाट कागद चेंडूवर सुरकुती न पडता गुंडाळता येत नाही, मग सपाट काचेने अंडे कसे मढवायचे? वाकवलेली काच महाग पडते, म्हणून बहुतेक वेळा लहान लहान सपाट तुकडे थोड्या थोड्या कोनात वळवत नेतात. लंडनमध्ये २००४ साली खुली झालेली, काकडीसारख्या आकाराची 'घेर्किन' ही इमारत गोल दिसते; पण तिच्या कवचात खरोखर वक्र अशी एकच काच आहे, अगदी शेंड्यावरची टोपी. बाकी सर्व सपाट. अशा कामात त्रिकोण का सोयीचे पडतात हे तिवईवरून समजावता येईल. तीन पायांची तिवई ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, चार पायांचे टेबल डुगडुगते. तीन बिंदूंतून नेहमी एक प्रतल जाते. चौथा बिंदू त्याच प्रतलात असेलच असे नाही.

तिसरा प्रश्न फटींचा. कवच चढताना दोन तावदानांमध्ये फटी सोडलेल्या दिसतात, पुढे त्या रबरासारख्या लवचिक लुकणाने भरतात. हा कामातला ढिसाळपणा नव्हे. ॲल्युमिनियमची ४ मीटर लांबीची पट्टी थंडीतल्या पहाटेच्या १० अंशांपासून उन्हातल्या ६० अंशांपर्यंत तापली तर सुमारे साडेचार मिलिमीटर वाढते; तेवढ्याच लांबीची काच दोन मिलिमीटरही वाढत नाही. दोघांना घट्ट जखडले तर काच तडकेल. रेषीय प्रसरणाचे गणित शिकवताना पुस्तकातील लोखंडी सळईऐवजी हे उदाहरण घ्यायला हरकत नाही.

इथवर कौतुकच आहे, आणि ते मनापासून आहे. आता तक्रार.

अंड्याला दिशा नसते. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा सर्व बाजूंना ते सारखेच दिसते, आणि त्यातच त्याचे सौंदर्य आहे. सूर्य मात्र सर्व बाजूंना सारखा वागवत नाही. भोर साधारण १८ उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्चला मध्यान्ही सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ७२ अंश वर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा असेल तर त्याची सावली १८० सेंटिमीटर खाली येते. संपूर्ण खिडकी झाकली जाते. २१ डिसेंबरला सूर्य ४८ अंशांवर उतरतो, सावली ६८ सेंटिमीटरच पडते, आणि थंडीत हवेसे वाटणारे ऊन आत येते. एक साधा छज्जा ऋतू ओळखतो!

आता पश्चिमेला वळू. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्यवेळेनुसार दुपारचे चार, म्हणजे आपल्या घड्याळात साडेचार वाजून गेलेले. सूर्य बरोबर पश्चिमेला, केवळ ३२ अंशांवर. तोच छज्जा आता ३७ सेंटिमीटर सावली देतो. उरलेल्या भिंतीवर दर चौरस मीटरला ५०० वॅटच्या आसपास उष्णता येऊन पडते. शाळेची ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच भिंत साध्या काचेची केली तर तिच्यावर ९ किलोवॅट पडतील आणि त्यांतील सुमारे ८० टक्के, म्हणजे ७ किलोवॅट, आत येतील. वर्गात एक किलोवॅटच्या सात इस्त्र्या चालू ठेवण्यासारखेच हे. परावर्तक थर दिलेल्या चांगल्या दुहेरी काचेने हा आकडा पाव हिश्श्यावर आणता येतो. पण अशी काच प्रकाशही बराच अडवते, मग भर दिवसा दिवे लावावे लागतात. शिवाय तिची किंमत गावाच्या वर्गणीत बसणारी नाही.

अंड्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात. त्याचा खालचा भाग आत झुकतो, त्यामुळे सूर्य वर असताना वरचा फुगवटा त्याच्यावर सावली धरतो. आणि तितक्याच घनफळाच्या घनापेक्षा गोलाचे पृष्ठफळ सुमारे १९ टक्के कमी असते. अंडेही या बाबतीत गोलाच्या जवळचे. पण कमी पृष्ठफळाचा खरा लाभ थंड देशांत होतो, जिथे सगळ्या बाजूंनी ऊब निसटत असते. आपल्याकडे अंड्याची वरची अर्धी बाजू आकाशाकडे तोंड करून दिवसभर ऊन झेलते. त्या आकाराने जी उष्णता आत घेतली ती बाहेर काढण्याचे काम वातानुकूलन यंत्राकडे जाते. कंपनीला ते परवडते. शाळेत पंखा चालू राहील एवढी वीज दुपारी असली तरी पुष्कळ.

विशेष म्हणजे याच कंपनीने पुढे वेगळी वाट धरली. हैदराबादजवळच्या पोचारम येथील आवारात तिने एका इमारतीचे दोन सारखे भाग केले. एका भागात सुधारलेले नेहमीचे वातानुकूलन बसवले, दुसऱ्यात छतातील नळ्यांमधून थंड पाणी फिरवले. दुसऱ्या भागाला थंडाव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. त्या इमारतीत खिडक्या मोजक्या आहेत आणि त्यांच्यावर सावलीची सोय आहे. तुलनेसाठी दुसरा अर्धा भाग ठेवून केलेला हा खराखुरा प्रयोग होता. छायाचित्र दाखवायचेच तर समितीला आम्ही या इमारतीचे दाखवू. पण ती अंड्याइतकी नजरेत भरत नाही, हीच अडचण.

काच महाग पडली तर दुसरा सोपा पर्याय सुचवला जातो: चकचकीत संमिश्र पत्र्यांचे मढण. भोरच्या बाजारपेठेतही दुकानांच्या तोंडावर ते दिसू लागले आहे. हा पत्रा म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ थरांमध्ये भरलेला गाभा. स्वस्त प्रकारात हा गाभा पॉलिएथिलीनचा, म्हणजे जळणाऱ्या प्लॅस्टिकचा असतो. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला लागलेली आग अशाच मढणावरून वर चढत गेली आणि ७२ माणसे दगावली. शाळेच्या भिंतीवर काहीही चढवण्यापूर्वी, त्याचा गाभा कशाचा आहे आणि तो पेटतो का, हे पुरवठादाराकडून लेखी घेतले पाहिजे.

आमचे मत आम्ही मुख्याध्यापकांना कळवले आहे. खिडक्या उत्तरेला आणि दक्षिणेला असाव्यात, त्यांवर छज्जे असावेत. पश्चिमेला खोल पडवी असावी. तीच पाऊसही झेलेल आणि मुलांना डबा खायला जागाही देईल. निळा रंग हवाच असेल तर दार निळे रंगवावे.

मात्र मत कळवून तरुणांचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. म्हणून नववीच्या मुलांकडून एक प्रयोग करून घ्यायचे ठरले आहे. पुठ्ठ्याची तीन सारखी खोकी घ्या. प्रत्येकाच्या एका बाजूला सारख्या मापाची काच बसवा आणि आत तापमापक अशा रीतीने टांगा की त्याच्यावर थेट ऊन पडणार नाही. पहिले खोके तसेच ठेवा. दुसऱ्यात काचेच्या आतून कापडाचा पडदा लावा. तिसऱ्यात तोच पडदा काचेच्या बाहेर, चार बोटे अंतर सोडून लावा. तिन्हींच्या काचा पश्चिमेकडे करून दुपारी तीन ते पाच दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवा आणि आलेख काढा. पडदा तोच, काच तीच. बदलली ती फक्त पडद्याची जागा. आत शिरलेले ऊन पडद्याने अडवले तरी त्याची उष्णता खोलीतच राहते. बाहेर अडवलेले ऊन मात्र आत येतच नाही. पडवी नेमके हेच करते.

समितीची पुढील बैठक मुद्दाम दुपारी चार वाजता ठेवायला आम्ही सांगितले आहे. तिन्ही खोकी अंगणात मांडलेली असतील आणि तापमान वाचायला छायाचित्र आणणाऱ्या सदस्यालाच बोलावले जाईल.