बोधचिन्हांचा जीर्णोद्धार

वडिलांच्या पश्चात त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा तिच्या तळाशी बँक ऑफ बडोदाची चार जुनी पासबुके निघाली. आतील आकडे पाहून आम्हांस ना हर्ष झाला ना खेद. तुटपुंज्या पगारातून जमेच्या बाजूस जेवढे पडायचे तेवढेच ते होते. नजर खिळली ती मुखपृष्ठावरील चिन्हावर. उंचावलेला तळहात, दातेरी चक्र आणि धान्याची कणसे. त्याच आठवड्यात घरी आलेल्या नव्या चेकबुकावर शेंदरी सूर्य होता. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि मनात प्रश्न उभा राहिला, की कंपन्या, बँका, विमानसेवा आपली बोधचिन्हे मधून मधून बदलतात, त्याने ती सुधारतात काय?

या प्रश्नाचा निवाडा सामान्यतः वयावरून होतो. साठीच्या पुढच्यांना जुने बरे वाटते, विशीतल्यांना नवे. परंतु ती आवडनिवड झाली. तिला समीक्षा म्हणता येणार नाही. एखाद्या कवीने दुसऱ्या आवृत्तीत आपल्याच ओळी बदलल्या, तर आपण ओळीशेजारी ओळ ठेवून काय साधले आणि काय निसटले ते पाहतो. बोधचिन्हाच्या बाबतीतही तसेच करावे, असे आमचे मत आहे.

प्रथम घरची बँक. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी २० जुलै १९०८ रोजी तिची स्थापना केली, हे बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसास सांगावयास नको. १९६९ साली ती राष्ट्रीयीकृत झाली, तरी आपल्यापैकी अनेक घरांत तिचा उल्लेख आजही 'आपली बँक' असाच होतो. जुन्या चिन्हातील चक्र उद्योगाचे, कणसे शेतीची आणि वर उंचावलेला हात. संस्थानच्या पैशाने काय उभे करावयाचे याचा जणू तो आराखडाच. हे चिन्ह वाचता येत होते, आणि ते वाचावयास अक्षरओळख लागत नव्हती. आमच्याकडे धुणेभांडी करणारी बाई मांडवीतल्या शाखेला 'हाथवाळी बेंक' म्हणे. तिला ना गुजराती वाचता येई ना मराठी; परंतु हात तिला कळत होता.

२००५ साली हे चिन्ह जाऊन 'बडोदा सूर्य' आला. त्या वेळी राहुल द्रविड बँकेच्या जाहिरातींतून झळकू लागला. (त्याचा जन्म मराठी घरात, इंदूरचा. त्यामुळे आमच्या मंडळींनी नव्या चिन्हाविरुद्ध काढलेला सूर थोडा नरम झाला, हे खरे आहे.) या चिन्हात रोमन 'बी' हे अक्षर दोनदा योजून त्यातून उगवत्या सूर्याचे किरण काढले आहेत. कल्पना चतुर आहे. तथापि ही चतुराई रोमन लिपी जाणणाऱ्यासच उमगते. इतरांस शेंदरी पट्टे दिसतात. ज्या बँकेच्या नावातील 'बडोदा' हा शब्द आपण तीन लिप्यांतून लिहितो, तिचा सूर्य एकाच लिपीतून उगवावा, हे आम्हांस खटकते. शिवाय जुने चिन्ह बँक काय करते ते सांगत होते. नवे चिन्ह बँकेच्या नावाचे आद्याक्षर सांगते आणि पुढे आशा, प्रकाश, उदय अशा सर्वांना लागू पडणाऱ्या गोष्टी सुचविते. सूर्य काय, विमा कंपनीलाही चालला असता, पापडालाही.

एवढे लिहून आम्ही लेखणी खाली ठेवली होती. मग मनात आले, परीक्षा घेऊन पाहावी. सुटीत नातू आणि त्याचे दोन सोबती घरी होते. त्यांच्यापुढे कागद ठेवले आणि ओळखीच्या बँकांची चिन्हे आठवून काढावयास सांगितले. स्टेट बँकेचे कुलपाचे भोक तिघांनीही क्षणात काढले. बडोदा सूर्य दोघांनी काढला. त्यात पट्ट्यांची संख्या चुकली, परंतु कशाचे चित्र आहे ते ओळखता येत होते. तिसऱ्याने बालवाडीतला, चहूबाजूंनी किरण असलेला सूर्य काढला. मग नातवाने कागद आमच्यापुढे सरकवला. ज्या हाताच्या चिन्हाची कड घेऊन आम्ही लिहावयास बसलो होतो, ते आम्हांस काढता येईना. कणसे कोणत्या बाजूस, चक्र हाताच्या खाली की मागे, काहीच नक्की सांगता येईना. कित्येक वर्षे डोळ्यांसमोर असलेले चिन्ह, आणि आठवत होते ते त्याचे वर्णन. आकृती आठवत नव्हती.

तेव्हा न्याय करावयाचा तर असे म्हटले पाहिजे की जुन्या चिन्हात अर्थ होता, पण आकार पक्का नव्हता. पासबुकावर ते शोभे. टपाल तिकिटाएवढे लहान केले की त्याचा डाग होई. आज बँकेचे चिन्ह मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढे दिसते, आणि रात्री परगावी रस्त्यापलीकडच्या एटीएमच्या पाटीवरही दिसावे लागते. तेथे शेंदरी सूर्य लांबून ओळखू येतो, याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. नवे चिन्ह डोळ्यांना सोपे झाले आणि मनाला मुके झाले.

ही तडजोड अटळच असते काय? स्टेट बँकेचे उदाहरण पाहता तसे वाटत नाही. १९५५ साली स्थापन झालेल्या या बँकेचे पहिले चिन्ह वटवृक्षाचे होते. आज ज्याला आपण 'जुने' म्हणून कवटाळतो, ते निळे वर्तुळ १९७१ साली आले. म्हणजे तेही नव्यानेच घडवलेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी ते रेखाटले. ते कांकरिया तलावावरून सुचले अशी आख्यायिका आमच्या गुजरातेत सांगतात. ती खरी असो वा नसो, चिन्हाला तिची गरज नाही. एक वर्तुळ, मध्ये लहान वर्तुळ आणि खाली उतरणारी एक फट. बँक म्हणजे कुलूपबंद विश्वास, हे शेतकऱ्यासही कळते आणि चार्टर्ड अकाउंटंटासही. वडाच्या पारंब्या गेल्या म्हणून त्या काळी कोणी हळहळले असेलच. परंतु येथे नव्याने जुन्यावर निर्विवाद मात केली. पुढे इंदूर (२०१०) आणि हैदराबाद (२०१७) येथील आपल्या स्नेह्यांच्या सहयोगी बँका तिच्यात विलीन झाल्या, तेव्हा नावे पुसली गेली याचे दुःख त्यांना झाले असणार. २०१७ सालीच चिन्हाच्या रंगाची छटा बदलली, अक्षरे बदलली. भोकाला मात्र कोणी हात लावला नाही. काय बदलू नये, हे कळणे हाही रचनाकाराचा गुणच होय.

याच्या उलट टोकाला एअर इंडिया आहे. जुने चिन्ह धनुर्धारीचे. जोडीला १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी जन्माला घातलेला महाराजा. २००७ साली इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण झाले, तेव्हा नवे चिन्ह तयार झाले ते असे: धनुर्धारीपासून घडवलेला उडता लाल हंस आणि त्याच्या पोटात, दुसऱ्या कंपनीची आठवण म्हणून, कोणार्कचे नारिंगी चक्र. ज्याने सरकारी नस्ती हाताळली आहे त्याला या चिन्हाची जात तत्काळ ओळखू येईल. दोन विभागांचे अभिप्राय आले, दोहोंचाही मान राखला, आणि प्रस्ताव मान्य झाला.

पुढे जानेवारी २०२२ मध्ये ही विमानसेवा टाटा समूहाकडे परत आली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सोनेरी चौकटीचे नवे चिन्ह प्रकट झाले. ही चौकट पूर्वीच्या झरोक्यावरून घेतली आहे असे सांगण्यात आले. चिन्ह नेटके आहे, हंसाहून निःसंशय बरे. परंतु वाचकांस स्मरत असेल, की विमानाच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल महिरप रंगवलेली असे. धावपट्टीवर उभे विमान एखाद्या हवेलीसारखे दिसे. नव्या रंगसंगतीत त्या महिरपी नाहीत. झरोका चिन्हात आला आणि खिडक्यांवरून गेला. पूर्वी तो प्रवाशाच्या चेहऱ्याभोवती होता. आता तो कंपनीच्या नावाशेजारी आहे.

या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार रसिकाचा तितकाच अपराध्याचाही आहे. नोकरीच्या मध्यावर एका महामंडळाचे चिन्ह बदलण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे आम्ही सदस्य होतो. जुन्या चिन्हात नांगर होता. तो 'मागासलेला' दिसतो, असे एका सदस्याचे म्हणणे पडले. आम्हांस ते पटले नव्हते; तरी दुपारचे दोन वाजत आले होते, आणि आम्ही सही केली. नांगराच्या जागी तीन हिरव्या वळणदार रेषा आल्या. दोन-तीन महिन्यांनी तालुक्याच्या दौऱ्यावर असताना एक वृद्ध शेतकरी हाती पावती घेऊन आला. त्याने पैसे भरले होते, पावती अस्सल होती. तरी तो तिच्यावर बोट ठेवून विचारू लागला, "साहेब, आ तमारो ज सिक्को ने?" आम्ही होय म्हणालो. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला, घडी घातली, आणि शेजारच्या कारकुनाला तोच प्रश्न पुन्हा विचारला.

ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेतील गॅप या कपड्यांच्या कंपनीने नवे चिन्ह आणले आणि ग्राहकांचा रोष पाहून आठवड्याभरात मागे घेतले, हे पुढे वाचनात आले. आमच्या महामंडळाला तसे करणे शक्य नव्हते. पाच वर्षांची स्टेशनरी छापून झाली होती.

बजाज ऑटोविषयी थोडक्यात. २००४ साली षट्कोनी चिन्ह जाऊन उडत्या 'बी'चे चिन्ह आले. पुण्याच्याच एका संस्थेने ते केले. 'हमारा बजाज'चे दिवस तेथेच संपले. तरीही हा बदल आम्हांस अप्रामाणिक वाटत नाही. कंपनी तेव्हा खरोखरच स्कूटरकडून मोटरसायकलीकडे वळली होती. माल बदलला, म्हणून छाप बदलली. षट्कोन स्कूटरच्या छातीवर शोभत होता, वेगाच्या गाडीवर तो जड दिसला असता. आमची चेतक अजून पडवीत उभी आहे. ती सुरू होत नाही. तिच्या छातीवरचा षट्कोन नातू मधून मधून फडक्याने पुसतो, आणि तो मात्र न चुकता कागदावर काढून दाखवतो.